अक्को का पडले? १२९१च्या वेढ्यावरील चर्चेचा आढावा

एप्रिल १२९१च्या मध्यावर एका रात्री अक्को शहराच्या तटातून घोडेस्वारांची एक तुकडी गुपचूप बाहेर पडली. वेढा घालून बसलेल्या, सीरियातल्या हमा शहराच्या फौजेवर छापा घालायचा आणि तिचे धोंडे फेकणारे यंत्र पेटवून द्यायचे, असा बेत होता. आग नेमक्या जागी पडली नाही. छावणीत शिरलेल्या घोड्यांचे पाय तंबूंच्या तणाव्यांत अडकले, स्वार कोसळले आणि मारले गेले. हा प्रसंग दोघांनी लिहून ठेवला आहे. एक तटाच्या आत होता. टेंप्लर या लढवय्या ख्रिस्ती संन्याशांच्या संघप्रमुखाचा हा चिटणीस. त्याचे नाव कळत नाही आणि इतिहासकार त्याला ‘टायरचा टेंप्लर’ म्हणून ओळखतात. दुसरा हमाच्या छावणीत होता. त्याचे नाव अबुल फिदा. तेव्हा तो अठराएक वर्षांचा राजपुत्र होता. पुढे तो हमाचा अधिपती आणि नामांकित भूगोलकार झाला. एकाने फ्रेंचमध्ये लिहिले, दुसऱ्याने अरबीत. तंबूंचे तणावे दोघांच्याही वर्णनात आहेत. अबुल फिदा आणखी एक तपशील देतो: एक स्वार छावणीच्या शौचखड्ड्यात पडला आणि तिथेच मारला गेला.

दोन्ही बाजूंचे डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार मिळावेत, असे भाग्य मध्ययुगातल्या फार थोड्या वेढ्यांना लाभले आहे. तरीही अक्को का पडले, तेव्हाच का पडले आणि त्याबरोबर नेमके काय संपले, या तीन प्रश्नांवर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत वादाचा रोख बराच बदलला आहे. आधी उत्तर शहराच्या आत शोधले जाई. आता ते कैरो, दमास्कस आणि मंगोलांच्या इराणमध्येही शोधले जाते.

राजधानी झालेले बंदर

पहिल्या क्रुसेडनंतर, म्हणजे १०९९नंतर, पश्चिम युरोपातून आलेल्या सरदारांनी सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीवर छोटी राज्ये उभारली. स्थानिक लोक त्यांना सरसकट ‘फ्रँक’ म्हणत. ११८७मध्ये हत्तीनच्या लढाईत सलाउद्दीनने त्यांचा कणा मोडला आणि जेरुसलेम घेतले. तिसऱ्या क्रुसेडने जेरुसलेम परत मिळवले नाही, पण सुमारे दोन वर्षांच्या वेढ्यानंतर १२ जुलै ११९१ रोजी अक्को जिंकले. पुढच्याच महिन्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड याने तिथले सुमारे २,७०० मुसलमान कैदी शहराबाहेर नेऊन मारले. शंभर वर्षांनंतरही ही आठवण पुसली गेली नव्हती.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत बहुतेक काळ ‘जेरुसलेमचे राज्य’ नावापुरते जेरुसलेमचे होते. राजधानी अक्कोच होती. व्हेनिस, पिसा आणि जेनोआ यांच्या स्वतंत्र पेठा तिथे होत्या, प्रत्येकीला आपले चर्च, आपली वखार, आपले न्यायालय होते. टेंप्लर, हॉस्पिटलर आणि जर्मन सरदारांचा ट्यूटॉनिक संघ यांचे वाडे म्हणजे शहरातले किल्लेच होते. उत्तरेला मोंम्युझार नावाचे उपनगर वाढले होते आणि त्याच्यासह सगळ्या शहराला जमिनीच्या बाजूने तटबंदी होती. मार्को पोलो १२७१मध्ये पूर्वेकडच्या प्रवासाला निघाला तो याच बंदरातून जाऊन.

१२६० साली अईन जालूत इथे ममलूकांनी, म्हणजे इजिप्तवर राज्य करणाऱ्या गुलाम-सैनिकांच्या सत्तेने, मंगोलांना हरवले आणि कैरोमध्ये बायबर्स सत्तेवर आला. तिथून किनारपट्टीचा काळ फिरला. १२६५मध्ये कैसरिया आणि अर्सूफ, १२६६मध्ये सफद, १२६८मध्ये याफा आणि अँटिओक, १२७१मध्ये क्राक हा हॉस्पिटलरांचा डोंगरी किल्ला, अशी एकामागून एक ठाणी गेली. बायबर्सनंतर थोड्याच वर्षांत गादीवर आलेल्या कलावूनने १२८५मध्ये मर्गत आणि १२८९मध्ये त्रिपोली घेतले. आता अक्को आणि टायर, सिदोन, बैरूत यांसारखी मोजकी ठिकाणे उरली होती.

चव्वेचाळीस दिवस

वेढ्याचा ठळक घटनाक्रम वादातीत आहे. कलावून नोव्हेंबर १२९०मध्ये मोहिमेवर निघाला आणि कैरोबाहेरच वारला. त्याचा मुलगा अल-अश्रफ खलील याने वसंतात मोहीम पुढे नेली. ५ एप्रिल १२९१ रोजी सुलतान तटासमोर पोचला. सीरियाच्या किल्ल्यांतून यंत्रे मागवली होती. त्यांतले ‘मन्सूरी’ नावाचे प्रचंड मंजनीक क्राकहून शंभर गाड्यांवर लादून आणले. त्या गाड्यांपैकी एक अबुल फिदाच्या ताब्यात होती. पावसाने आणि थंडीने बैल मेले आणि घोड्यावरून आठ दिवसांत होणाऱ्या वाटेला महिना लागला, असे तो सांगतो. ‘गझबान’, म्हणजे संतप्त, असे नाव असलेले दुसरे यंत्र होते. शिवाय हलकी, झपाट्याने मारा करणारी यंत्रे होती आणि तटाखाली सुरुंग खणणाऱ्यांची पथके होती.

४ मे रोजी सायप्रस आणि जेरुसलेमचा तरुण राजा हेन्री दुसरा कुमक घेऊन समुद्रमार्गे आला. तहाची बोलणी झाली. शहराच्या किल्ल्या आणल्यात का, एवढेच सुलतानाने दूतांना विचारले. बोलणे चालू असतानाच शहरातून सुटलेला एक धोंडा जवळ येऊन पडला आणि बोलणी तिथेच फिसकटली. १५ मे रोजी बाहेरच्या तटाचा राजाचा बुरूज सुरुंगांनी ढासळला. १८ मे, शुक्रवारी पहाटे, नगारे वाजले आणि सर्व बाजूंनी हल्ला झाला. ‘शापित बुरूज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोपऱ्यातून ममलूक आत शिरले. टेंप्लरांचा प्रमुख गियोम द बोज्यू काखेत बाण लागून पडला. हॉस्पिटलरांचा सेनानी माथ्यू द क्लेरमों मारला गेला. बंदरात गलबते अपुरी होती. जेरुसलेमचा वृद्ध धर्माध्यक्ष निकोलस ज्या नावेत चढला ती लोकांच्या गर्दीने बुडाली.

समुद्राकडच्या टोकाला असलेला टेंप्लरांचा किल्ला आणखी दहा दिवस टिकला. तिथे अभयाचा कौल दिला गेला, आत आलेल्या शिपायांनी बायकामुलांवर हात टाकला, टेंप्लरांनी त्यांना कापून काढले आणि मग पुन्हा कौल देऊन बोलावलेल्या टेंप्लर अधिकाऱ्याचा शिरच्छेद झाला. २८ मे रोजी सुरुंगांनी पोखरलेला बुरूज आतल्या आणि बाहेरच्या लोकांवर एकदमच कोसळला. शिपायांनी आगळीक केली हे काही अरबी वृत्तांतही कबूल करतात. त्यामुळे या भागावर विश्वास ठेवायला बळकट आधार आहे.

पहिला प्रश्न : दोष कोणाचा?

पाडावाची बातमी युरोपात पोचली तशी दोषारोपांची लाट उठली. नेपल्सच्या थाडेउस नावाच्या विद्वानाने वर्षाअखेरीआधीच मेस्सिनात बसून एक दीर्घ शोकग्रंथ लिहिला. ‘अक्कोचा विनाश’ अशा अर्थाचे लॅटिन शीर्षक असलेला आणखी एक अनामिक ग्रंथ त्याच सुमारास तयार झाला. दोघांनीही रणांगणातून निघून गेलेल्यांवर बोट ठेवले. राजा हेन्री आणि इंग्लंडच्या राजाने पाठवलेला सरदार ओतों द ग्रांसों यांच्यासारख्या बड्या नावांवर भ्याडपणाचा ठपका आला. शहरातल्या ऐषारामी, भांडखोर, पापी जीवनाची ही शिक्षा आहे, असे सूत्र बहुतेकांनी धरले.

याहून अंतर्मुख करणारे लेखन बगदादमध्ये झाले. फ्लॉरेन्सचा डोमिनिकन धर्मप्रसारक रिकोल्दो तिथे अरबी शिकत होता. अक्कोहून आणलेली लूट आणि गुलाम पूर्वेच्या बाजारांत आले, तेव्हा चर्चमधली वस्त्रे आणि पुस्तके विकली जाताना त्याने पाहिली. त्याने देवाला, मेरीला आणि संतांना उद्देशून पत्रे लिहिली. मुसलमानांना देवाने एवढे यश का द्यावे, हा त्याचा प्रश्न होता आणि समाधानकारक उत्तर त्याला सापडत नव्हते. पाप आणि शिक्षा यांचा सरळ हिशेब मांडणाऱ्या ग्रंथांपेक्षा रिकोल्दोची अस्वस्थता आजच्या वाचकाला अधिक खरी वाटते.

अरबी बाजूलाही घटनेला दैवी आकार देण्याची ओढ होती. ११९१मध्ये फ्रँकांनी शहर घेतले तो दिवस हिजरी ५८७च्या जुमादा अल-आखिरची १७ तारीख होता, वार शुक्रवार. काही ग्रंथकारांनी, त्यांत अबुल फिदाही आला, १२९१चा विजयही त्याच महिन्याच्या १७ तारखेला, शुक्रवारी, टाकला. गणिताने पाहिले तर १८ मे १२९१ हा त्याच्या आधीच्या महिन्याचा, जुमादा अल-ऊलाचा, १७वा दिवस ठरतो. दोन पाडावांचा महिनाही जुळावा या इच्छेने तारीख सरकली असावी, असे आधुनिक संपादक मानतात. प्रत्यक्ष साक्षीदाराचा शब्दही कुठे तपासून घ्यावा लागतो, हे या एका महिन्याच्या फरकावरून कळते.

आधुनिक इतिहासकारांनी व्यक्तींवरचे ठपके बहुतेक बाजूला ठेवले. ग्रांसों पुढे अनेक वर्षे इंग्लंडच्या राजाच्या विश्वासातला माणूस म्हणून वावरला आणि हॉस्पिटलरांचा प्रमुख जां द व्हिल्ये स्वतः गंभीर जखमी होऊन सायप्रसला पोचला होता. तिथून त्याने पाठवलेले दुःखी पत्र उपलब्ध आहे. शत्रू पेठेत शिरल्यावर मागे राहून काय साधले असते, या प्रश्नाला कोणत्याच आरोपकर्त्याने उत्तर दिलेले नाही.

दुसरा प्रश्न : हा शेवट अटळ होता का?

खरा वाद इथे आहे आणि त्यात तीन भूमिका स्पष्ट वेगळ्या करता येतात.

पहिली भूमिका आतल्या दुबळेपणावर भर देते. स्टीव्हन रन्सिमन यांच्या १९५४ साली पूर्ण झालेल्या तीन खंडी इतिहासाने आणि जोशुआ प्रावेर यांच्या लेखनाने ती सर्वदूर पोचवली. पुरावा भक्कम आहे. १२५६मध्ये सेंट साबास मठाच्या मालमत्तेवरून व्हेनिस आणि जेनोआ यांच्यात अक्कोतच युद्ध पेटले. पेठापेठांत यंत्रे लावून एकमेकांवर धोंडे फेकले गेले आणि जेनोआच्या लोकांना १२५८मध्ये शहर सोडून टायरला जावे लागले. राजगादीवर दोन घराण्यांचा दावा होता. १२७७मध्ये एका दावेदार राजकन्येने आपला हक्क सिसिलीच्या शार्ल द आंजूला विकला आणि त्याचा प्रतिनिधी अक्कोत येऊन बसला. १२८२मध्ये सिसिलीत बंड झाले, शार्लचे हात बांधले गेले आणि हेन्रीचा राज्याभिषेक १२८६मध्ये टायरला झाला. सिसिलीच्या त्याच युद्धात पोप, फ्रान्स आणि आरागोन गुंतून पडले. पूर्वेसाठी गोळा झालेला पैसा आणि माणूस पश्चिमेतच खर्च झाला. प्रावेर यांच्या मते याहून खोल कारण समाजरचनेत होते. फ्रँक लोक शहरांत आणि किल्ल्यांत राहणारी मूठभर सत्ताधारी वस्ती होते, भोवतालच्या प्रजेशी त्यांचे नाते जुळले नाही आणि म्हणून मनुष्यबळ कायम तुटपुंजे राहिले. या वसाहतवादी चित्राला पुढे रॉनी एलेनब्लम यांनी ग्रामीण वस्तीच्या पुराव्यांनी मोठे आव्हान दिले, पण त्यांचा मुख्य पुरावा बाराव्या शतकाचा आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी फ्रँकांच्या हाती ग्रामीण प्रदेशच फार थोडा उरला होता.

दुसरी भूमिका ममलूकांकडे पाहते. पीटर होल्ट, रॉबर्ट अर्विन आणि कलावूनचे चरित्र लिहिणाऱ्या लिंडा नॉर्थ्रप यांच्या अभ्यासांतून ममलूक राज्याचे यंत्र नीट दिसू लागले. प्रशिक्षित गुलाम सैनिकांचे कायम सैन्य, टपालाची घोडदौड, जप्त किल्ल्यांतल्या यंत्रांचा साठा आणि राजधानीतून चालणारी करारनीती, एवढे सगळे एका हाती होते. क्रिस्टोफर मार्शल यांनी १९९२च्या ग्रंथात फ्रँकांच्या युद्धपद्धतीचा हिशेब मांडला. त्यावरून दिसते की उघड्या मैदानात सामना देण्याची ताकद फ्रँकांकडे नव्हती. त्यांची सगळी भिस्त तटबंदीवर आणि समुद्रावर होती. अशा स्थितीत शहरात कितीही एकी असती तरी वेढ्याचा निकाल बदलला नसता, असा या भूमिकेचा सूर आहे. वेढ्याच्या काळात शहरातले गट बऱ्यापैकी एकजुटीने लढले, ही गोष्ट या बाजूला बळ देते. पिसाच्या लोकांनी यंत्रे चालवली, व्हेनिसचे लोक तटावर होते, टेंप्लर आणि हॉस्पिटलर शेवटच्या दिवशी खांद्याला खांदा लावून मेले.

तिसरी भूमिका मंगोलांना मध्यभागी आणते आणि तिने चर्चा सर्वांत जास्त पुढे नेली असे म्हणता येईल. पीटर जॅक्सन यांनी १२६०च्या पेचप्रसंगावर आणि रेऊवेन अमिताई यांनी ममलूक-मंगोल संघर्षावर केलेल्या कामाचा एकत्र अर्थ असा: कैरोच्या दृष्टीने खरा शत्रू इराणचा मंगोल सत्ताधीश, म्हणजे इलखान, होता. किनाऱ्यावरची फ्रँक बंदरे धोकादायक होती, कारण तिथे उतरलेली युरोपची फौज आणि पूर्वेकडून येणारे मंगोल एकत्र येऊ शकत होते. ही भीती निराधार नव्हती. इलखान अर्घूनने १२८७मध्ये रब्बान सौमा या नेस्टोरियन भिक्षूला पोप आणि फ्रान्स-इंग्लंडच्या राजांकडे धाडले. दोन वर्षांनी जेनोआच्या बुस्करेल्लोलाही पाठवले. पण मार्च १२९१मध्ये, सुलतानाची फौज वाटेवर असताना, अर्घूनच वारला. या भूमिकेतून पाहिले की ममलूकांनी जिंकलेली बंदरे नंतर पाडून का टाकली, हेही कळते. डेव्हिड आयालोन यांनी फार पूर्वी दाखवले होते की समुद्रावर दुबळ्या असलेल्या ममलूकांनी किनारा उजाड ठेवणे हाच संरक्षणाचा मार्ग मानला. १२७१मध्ये सायप्रसवर पाठवलेले बायबर्सचे आरमार लिमासोलजवळ खडकांवर फुटले होते.

या तिन्ही भूमिका एकमेकींना खोडून काढत नाहीत. फरक प्रमाणाचा आहे. तरी ‘अटळ’ हा शब्द वापरताना सावध राहायला हवे. १२९१ सालच का, याचे उत्तर कोणतीही दीर्घकालीन कारणमीमांसा देत नाही. त्यासाठी आदल्या वर्षाच्या एका घटनेकडे जावे लागते.

ऑगस्ट १२९० : कारण की निमित्त?

अक्को आणि कलावून यांच्यात १२८३मध्ये दहा वर्षे, दहा महिने आणि दहा दिवसांचा तह झाला होता. त्रिपोली पडल्यावर पोप निकोलस चौथा याच्या हाकेने उत्तर इटलीतून शेतकरी आणि बेकार तरुणांचा एक जमाव अक्कोत आला. लढायला कोणी नव्हते, पगार मिळत नव्हता. ऑगस्टमध्ये त्यांनी शहरात माल विकायला आलेल्या मुसलमानांवर हल्ला केला. दाढी पाहून त्यांनी कित्येक सीरियन ख्रिस्ती लोकांनाही मुसलमान समजून मारले, असे टायरचा टेंप्लर नोंदवतो. मेलेल्यांचे नातेवाईक रक्ताने माखलेले कपडे घेऊन सुलतानाकडे गेले.

कलावूनने गुन्हेगार मागितले. गियोम द बोज्यूचा सल्ला होता की तुरुंगात मृत्यूची शिक्षा झालेले कैदी आहेत, तेच त्यांच्या हवाली करावेत. शहराच्या पंचांनी तो मानला नाही.

एक मत असे की ही कत्तल झाली नसती तर तह १२९४पर्यंत टिकला असता. दुसऱ्या मतानुसार कलावून आधीच अक्कोकडे वळला होता आणि त्याला कारण हवे होते. इथे शाफी इब्न अली या कैरोच्या दरबारी लेखकाची साक्ष मोलाची आहे. तह मोडला असे म्हणता येते का, यावर दरबारात खल झाला, कलमे काढून वाचली गेली आणि सुलतानाचा कल पाहून अर्थ लावला गेला, असे तो स्वतःच लिहितो. होल्ट यांनी ममलूक करारांचा अभ्यास करताना हा प्रसंग पुढे आणला. यावरून निमित्ताची बाजू वजनदार ठरते. पण ज्या राज्याला करारातले कलम शोधावे लागले, त्याला कराराची काही किंमत होती, हेही त्यातच आले. कत्तल नसती तर कलावूनला आणखी काही काळ थांबावे लागले असते, आणि तो तर तीन महिन्यांतच वारला. त्याच्या मुलाला नव्या गादीसाठी मोठा विजय हवा होता, हा तर्क रास्त आहे. मात्र कत्तलीशिवाय हा तरुण सुलतान काय करता, याचे उत्तर साधनांत मिळणार नाही.

आकडे आणि तट

टायरचा टेंप्लर वेढा घालणाऱ्यांची संख्या दोन लाखांहून अधिक सांगतो. शहरात तीस ते चाळीस हजार माणसे, त्यांत सातशे-आठशे घोडेस्वार आणि तेरा-चौदा हजार पायदळ होते, असे त्याचे म्हणणे. शत्रूच्या संख्येवर आज कोणीही अक्षरशः विश्वास ठेवत नाही. एवढ्या माणसांना आणि जनावरांना सहा आठवडे पाणी-वैरण कुठून मिळणार? शहराबद्दलचे त्याचे आकडे मात्र बहुतेक जण स्वीकारतात, कारण ती त्याच्या माहितीतली गोष्ट होती. यंत्रांच्या संख्येबाबत अरबी ग्रंथ आपसांतही जुळत नाहीत; काहींनी ती ९२पर्यंत नेली आहे. डोनाल्ड लिटल यांनी १९८६मध्ये या अरबी वृत्तांतांची एकत्र छाननी केली. कोणता लेखक प्रत्यक्ष हजर होता आणि कोणी दुसऱ्याचे उतरवून घेतले, हे त्यातून बरेच स्पष्ट झाले. त्याआधी पाश्चात्त्य लेखक मकरीजीसारख्या शंभरेक वर्षांनंतरच्या ग्रंथकाराला समकालीनांच्या पंक्तीला बसवत असत.

वेढा समजायचा तर तट कुठे होता हे कळले पाहिजे, आणि हा प्रश्न अपेक्षेपेक्षा कठीण निघाला. आज अक्कोत दिसणारा तट अठराव्या शतकातल्या झाहिर अल-उमरच्या आणि नंतरच्या उस्मानी काळातला आहे; १७९९मध्ये नेपोलियन ज्याच्यापुढे हटला तो याच पिढीचा. क्रुसेडकालीन शहर त्याहून बरेच मोठे होते आणि त्याचा मोठा भाग आजच्या नव्या वस्तीखाली आहे. मरीनो सानुदोच्या ग्रंथासाठी चौदाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या नकाशावर दुहेरी तट आणि बुरुजांची नावे आहेत. पण तो जमिनीवर कसा बसवायचा यावर मतभेद झाले. डेव्हिड याकोबी यांनी कागदपत्रांच्या आधारे पेठांची मांडणी पुन्हा केली. बेंजामिन केदार यांनी १९९७मध्ये असे मांडले की बाहेरचा तट पूर्वी मानला जाई त्याहून पूर्वेला होता, म्हणजे शहर आणखी विस्तीर्ण होते. हे मान्य केले तर बचाव करणाऱ्यांची फळी आणखी विरळ होती असे ठरते, आणि पाडावाच्या लष्करी कारणांमध्ये तटाच्या लांबीचे वजन वाढते. शापित बुरुजाच्या नेमक्या जागेबद्दल अजून एकमत नाही.

उत्खननाने जमिनीखालचे पुष्कळ उघडे केले आहे. हॉस्पिटलरांच्या वाड्याची प्रचंड दालने मोकळी झाली. १९९४मध्ये टेंप्लरांच्या किल्ल्यापासून बंदराकडे जाणारा भुयारी मार्ग सापडला; किल्ला स्वतः बहुतांशी समुद्राने गिळला आहे. जुने शहर २००१मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. शहराचा एक तुकडा कैरोतही आहे: सुलतान अन-नासिर मुहम्मदच्या मदरशाचे गॉथिक कमानींचे संगमरवरी दार अक्कोच्या एका चर्चमधून उचलून नेलेले आहे.

तिसरा प्रश्न : १२९१मध्ये काय संपले?

शालेय इतिहासात १२९१ हे क्रुसेडच्या अंताचे वर्ष म्हणून येते. किनाऱ्यापुरते ते बरोबर आहे. टायर लगेच रिकामे झाले; सिदोन, बैरूत, तोर्तोसा आणि अथलीतचा यात्रेकरूंचा किल्ला ऑगस्टच्या मध्यापर्यंत गेले. रुआद या चिमुकल्या बेटावर टेंप्लर १३०२पर्यंत तग धरून होते.

सिल्व्हिया शाईन यांनी १९९१च्या ग्रंथात ही समजूत तपासली. त्यांचे म्हणणे असे की युरोपातल्या समकालीनांना हा शेवट वाटलाच नाही. त्यांना तो तात्पुरता पराभव वाटला आणि परत मिळवण्याच्या योजना लगेच सुरू झाल्या. पादुआचा फिदेन्झिओ, रामोन ल्युल, प्येर द्युबुआ, मरीनो सानुदो अशा कितीतरी जणांनी आराखडे लिहिले. १२९९च्या अखेरीस इलखान गाझानने होम्सजवळ ममलूकांना हरवले, तेव्हा जेरुसलेम ख्रिस्ती लोकांना परत मिळाले अशी अफवा युरोपभर पसरली आणि १३००मध्ये लोकांनी ती आनंदाने खरी मानली. १२९१ हा टप्पा नंतरच्या पिढ्यांनी ठरवला, हा शाईन यांचा निष्कर्ष आज बहुतेकांना मान्य आहे.

त्यांच्या विरुद्ध बाजूला संस्थांचा इतिहास ठेवता येतो. पोप निकोलसने टेंप्लर आणि हॉस्पिटलर एकत्र करावेत का, याचा कौल प्रांतोप्रांतीच्या धर्मसभांकडे मागितला. हॉस्पिटलर पुढे रोड्स बेटावर गेले, ट्यूटॉनिक संघाने आधी व्हेनिस आणि नंतर १३०९मध्ये प्रशियातले मारीनबुर्ग गाठले. राखायची भूमी नसलेल्या टेंप्लरांना १३०७मध्ये फ्रान्सच्या राजाने पकडले आणि १३१२मध्ये पोपने संघ बरखास्त केला. पाडाव आणि बरखास्ती यांतले नाते किती थेट, यावर वाद आहे. राजाची पैशाची निकड हे कारण अनेकांना अधिक पटते. पोर्तुगालमध्ये टेंप्लरांच्या मालमत्तेतून १३१९मध्ये ‘ख्रिस्ताचा संघ’ उभा राहिला. पोर्तुगीज गलबते पुढे याच संघाचा क्रूस शिडांवर मिरवत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली.

भारताशी आणखी एक संबंध नेहमी सांगितला जातो. जेनोआचे उगोलिनो आणि वादिनो विवाल्दी हे भाऊ १२९१मध्येच दोन गलबते घेऊन जिब्राल्टरच्या पलीकडे, महासागरातून भारत गाठायला निघाले आणि परतले नाहीत. अक्को गेल्यामुळे मसाल्यांचा रस्ता बंद झाला म्हणून ते निघाले, अशी मांडणी आकर्षक आहे. पण ते मे महिन्यात निघाले, आणि अक्को पडल्याची बातमी तेव्हा जेनोआला पोचणे शक्य नव्हते. शिवाय जेनोआने आदल्याच वर्षी कलावूनशी व्यापारी करार केला होता. मसाल्यांचा व्यापार अलेक्झांड्रिया, फामागुस्ता आणि अर्मेनियन किनाऱ्यावरचे आयास यांच्याकडे सरकला. पोपच्या बंदीनेही तो थांबला नाही.

ज्यांच्याबद्दल थोडे कळते

सेनानी, बुरूज आणि करार यांवर एवढे लिहिले गेले, पण वेढ्यात सापडलेल्या सामान्य माणसांबद्दलचे लेखन अजून विरळ आहे. शहरातले सीरियन ख्रिस्ती, ज्यू, कारागीर, इटालियन पेठांतल्या बायका, गुलाम यांचे काय झाले, हा प्रश्न राजकीय वादांइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याला मिळालेले लक्ष फारच अपुरे आहे.

निर्वासितांची बाजू तुलनेने उजेडात आली आहे. श्रीमंतांनी आणि नशीबवानांनी सायप्रस गाठले. तिथे घरभाडी कित्येक पटींनी वाढली आणि ओळखीच्या माणसांनीही ओळख दाखवली नाही, असे टायरचा टेंप्लर कडवटपणे लिहितो. फामागुस्तात लाम्बेर्तो दी साम्बुचेतो या जेनोआच्या लेखपालाने १२९६पासून दहाएक वर्षे नोंदवलेल्या दस्तांत ‘अक्कोचा’ अशी ओळख सांगणारे कितीतरी लोक भेटतात. कर्ज घेणारे, घर विकत घेणारे, मृत्युपत्र करणारे. याकोबी यांनी या दस्तांवरून विस्थापित व्यापाऱ्यांनी नवे बंदर कसे उभारले याचे चित्र रेखाटले.

कैदेत गेलेल्यांची बाजू याहून अंधारात आहे. रिकोल्दोची पत्रे, दमास्कसच्या बाजाराचे काही त्रोटक उल्लेख आणि प्रवाशांच्या तुरळक आठवणी, एवढेच हाती आहे. १३३०च्या दशकाच्या शेवटी आलेला जर्मन धर्मगुरू लुडोल्फ सांगतो की मृत समुद्राजवळ त्याला दोन वृद्ध भेटले. अक्कोत पकडले गेलेले ते टेंप्लर होते, सुलतानाच्या चाकरीत लाकूडतोड करत होते आणि तिथेच बायकामुलांचा संसार थाटून राहिले होते. आपला संघ बरखास्त झाल्याची खबर त्यांना नव्हती. ममलूक चरित्रकोशांत आणि सीरियन बखरींत अशा कैद्यांचे उल्लेख विखुरलेले आहेत. त्यांतल्या अल-जझरी आणि अल-युनीनी यांच्या ग्रंथांचा बारकाईने अभ्यास गेल्या काही दशकांत सुरू झाला. फामागुस्ताचे लॅटिन दस्त आणि दमास्कसच्या अरबी बखरी दोन्ही वाचू शकणारे अभ्यासक मोजके आहेत, आणि या प्रश्नावरचे पुढचे काम त्यांच्याकडूनच व्हायचे आहे.